काट्यावरची काँटेसा

जालन्यात जुनं लोखंड कुणी बघत नाही, तोलतात.
एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर ती उभी होती,
काचेवर खडूनं लिहिलेलं : अकराशे चाळीस किलो.
मागं भट्टीचा धूर.
पुढं चार दिवे, त्यातले तीन फुटलेले,
चौथ्यात पालीची अंडी.

मी गेलो होतो फाटकासाठी अँगल आणायला.

"मुनीमजी, कुणाची?"
"कुणाची नाही आता. माल आहे."

सतरा वर्षं मी गाडीच्या पोटाखाली झोपलो नव्हतो.
रऊफ मिस्त्री गेले त्या साली सोडलं ते सोडलं.
त्यांच्या शटरवर मोबाईलवाल्यानं जांभळा रंग मारला,
मी आयटीआयच्या पोरांना लेथ शिकवत राहिलो
आणि रिटायर झालो, शाल-नारळ घेऊन,
नखं स्वच्छ असलेला माणूस.

भंगाराच्या भावानं घेतली.
मुनीमजींनी सीटांचे वीस किलो कापले,
काथ्याला लोखंडाचा भाव लावत नाही म्हणाले.
असा सचोटीचा माणूस, आणि धंदा वितळवण्याचा.

ट्रॅक्टरनं ओढत आणली तेव्हा
विजयमाला दारात उभी होती,
दाराला टेकण लावलेला जुना पिस्टन
पायानं सरकवत.
काहीच बोलली नाही.
मी म्हणालो, "मेलेली नाहीये."
ती म्हणाली, "मी तुमच्याबद्दल विचार करत होते."

मग महिने गेले.
चष्मा कपाळावर, टॉर्च दातात,
गंजलेल्या बोल्टला रात्रभर डिझेल पाजायचं
आणि सकाळी हळूच विचारायचं, येतोस का?
पाना कुठं धरायचा ते बोटांना आठवत होतं,
खाली कसं वाकायचं ते गुडघ्यांना नाही.
रेडिएटर गळत होता.
नळ आठव्या दिवशी येतो आमच्याकडं,
आणि मी ड्रममधल्या तीन बादल्या
लोखंडाला पाजल्या.
त्या आठवड्यात मला भाजीला रस्सा मिळाला नाही.

रऊफ म्हणायचे,
"कार्बोरेटर कू गाली नक्को देव, वो सुनता."
मी एकदाच दिली, हळू आवाजात.
त्यानं ऐकली. पंधरा दिवस पेट्रोल थुंकत बसला.

शेवटी रऊफांच्या नातवाला बोलावलं.
अदनान आला, पाठीला बॅग, हातात स्कॅनर,
गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला,
"अंकल, ह्याचा पोर्ट कुठंय?"

दिवेलागणीला ती खोकली.
पुन्हा खोकली.
घुगेबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर
काळ्या धुराची एक सही केली,
आणि मग चालू राहिली,
ओसरीतली भांडी किणकिणत,
जमीन तळव्यांना सांगत.

मी स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवलं,
मूठ अदनानच्या कानाला लावली.
पोरगं डोळे मिटून उभं राहिलं.
इतका वेळ त्या घरातलं कुणी
माझ्या समोर गप्प उभं राहिलं नव्हतं
रऊफांच्या नंतर.

"दुसऱ्या सिलिंडरात," तो म्हणाला,
"कुणीतरी टाळ्या वाजवतंय."

तीस वर्षं शिकवलं मी.
सैल टॅपेट म्हणजे काय, ह्याचं उत्तर
पेपरात पोरं चार ओळींत लिहायची,
आणि मी दोन मार्क द्यायचो.

अंबड चौफुलीपर्यंत नेली त्या रात्री,
चौथा गिअर लागलाच नाही.
पेट्रोलचा काटा धादांत खोटं बोलतो हे येताना कळलं.
अदनान ढकलत होता, मी स्टिअरिंग धरून,
रसवंतीवाला ओरडला, "मामा, बैल जुंपा!"
मी हसलो. खरंच हसलो,
आणि नखांकडं पाहिलं.

काल मुनीमजींचा फोन आला,
"मास्तर, काट्यावर अजून एक उभी आहे.
पाचपर्यंत थांबवतो, नंतर भट्टी."

मी सावकाश फोन ठेवला,
चष्मा शोधायला लागलो, तो कपाळावरच होता.
आतून पोळी लाटण्याचा आवाज थांबला.

"किती किलो?"
विजयमालानं विचारलं.