सोबत

टाइपरायटर विकला, तरी करवीर तहसीलजवळच्या
चिंचेखाली माझी खुर्ची राहिली.
अर्ज आता पोरं संगणकावर भरतात.
माझ्याकडे येतात ते नामंजूर झालेले.

एक दोनशे पानी वही आहे.
नाव, पेठ, तारीख, आणि दोन रकाने :
एकटी गेली. कुणीतरी बरोबर होतं.
बेरीज मी कुणाला दाखवत नाही.
पहिल्या रकान्यात लाल शाई फार आहे,
एवढंच.

हौसाक्का कोरवी, विचारेमाळ.
शिंदीच्या पात्यांनी बोटं चिरलेली.
निराधारचे पैसे नाकारले : 'मुलगा कमावता आहे.'
अपिलाची तारीख पडली. म्हटलं, येतो मी.
"तुमी नुसतं बसा," ती म्हणाली. "बोलायचं माझं मी बघते."

अकराची वेळ, हाक आली सव्वादोनला.
साहेबांचा आवाज मऊ होता, खरं सांगतो,
तिला पाणीसुद्धा द्यायला लावलं.
मग फाइल उलटत विचारलं,
मुलगा कुठं असतो, आजी?

आणि पाच रुपयांच्या घासाघिशीत
अख्खी गंगावेश डोक्यावर घेणारी ती
पदर सारखा करून म्हणाली,
"पुण्याला. मोठ्या कंपनीत हाय. लई गुणाचं हाय वो."

साहेबांचं पेन कागदाला टेकलं.

मी उठलो.
साहेब, चार वर्षं झाली. पैसा नाही, फोन नाही.
सीपीआरला अकरा दिवस पडून होती,
सही शेजारणीची आहे, पान सात बघा.
हे सगळं तिच्याकडे न बघता.

मंजूर.

के.एम.टी.त ती पुढच्या बाकावर बसली,
माझ्याकडे पाठ करून.
दसरा चौक गेला, स्टँड गेलं.
तिकीट मात्र तिनं दोघांचं काढलं होतं.

महिन्यानं आदेशाची प्रत घेऊन आली,
बस म्हटलं तरी बसली नाही.
"वाचा. त्यात सर्जाचं नाव घातलंय व्हय?"

घातलं होतं. चौथ्या ओळीत, बापाच्या नावासकट :
'आईचा सांभाळ करीत नाही.'

मी चष्मा पुसला.
तारीख वाचली, रक्कम वाचली,
शिक्का गोल आहे तेही सांगितलं,
चौथी ओळ सोडून.

"मग?" कागद घडी करत ती म्हणाली,
"सायबानं माझंच ऐकलं न्हवं."