पाच सुंगटं

मागच्या दारानं ये, सांगितलं होतं,
म्हणून मागच्या दारानं आले.
सिलिंडरांची रांग, बर्फाचे खोके,
खिळ्यांवर टांगलेले अठरा एप्रन, सगळे पुरुषांच्या मापाचे.
बंद दोनदा फिरवून पोटावर बांधला.
बांगड्या काढून डब्यात.
नाव विचारलं. हेमांगी तारी, म्हटलं.
वहीत लिहिलं: मावशी, मासे.

वीस वर्षं मी मालवणच्या धक्क्यावर पाटी घेऊन बसले.
सुरमई हातात आली की कल्ला न उघडता सांगेन,
कालची की परवाची.
इथं पहिला अर्धा तास
फ्रीजचं दार ओढायचं की ढकलायचं, तेच कळेना.

साडेबाराला भिंतीवरचं मशीन बोलायला लागलं.
कर्रर्र करून कागदाची जीभ बाहेर काढतं,
कुणीतरी ती फाडतं, ओरडतं:
चौदा नंबर! दोन सुरमई, एक बांगडा, एक व्हेज!
सगळे एका दमात: हां!
मीही म्हटलं. उशिरा.
माझं एकटीचं ऐकू आलं.

मोठ्या शेगडीवर धनबहादूर.
त्याचं गाव नेपाळात, पोखऱ्याच्याही वर.
नोकरी विचारायला इथं आला
तेव्हा समुद्र पहिल्यांदा पाहिला म्हणतो.
त्याच्या कढईतलं तिखलं मी बोटावर घेतलं,
खरं सांगायचं तर चूक काढायला.
त्रिफळं ठेचून, अगदी शेवटी, आच उतरवून टाकली होती.
एवढं माझ्या सासूनं मला सांगायला
चार वर्षं लावली होती.

"कोळंबी फ्राय, मावशी. पाच."
कोळंबी म्हणजे आमची सुंगटं.
मी सहा टाकली. हात गेला, काय करू.
रापणीचा वाटा डोळ्यांनी पडतो:
दोरीला हात लावलेल्या पोराला ओंजळभर,
नुसती बघत उभी राहिलेल्या म्हातारीलाही चार.
धनबहादूरनं चिमट्यानं एक उचललं,
परत भांड्यात ठेवलं.
सहावं माझ्या पगारातून जातं, ताई,
हिंदीत म्हणाला, हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.
मग मी मोजत राहिले.
एक दोन तीन चार पाच. एक दोन तीन चार पाच.
नळाखाली हात धुताना बोटंही मोजली.

चार वाजता आमचं जेवण. डाळ, भात, अंड्याची आमटी.
पन्नास किलो मासळी साफ करून
मी अंडं खाल्लं. बुधवार होता.

तीनशे माणसं जेवली म्हणतात.
एकाचंही तोंड दिसलं नाही.
पण मोरीच्या खिडकीतून ताटं परत येतात,
आणि मला ताटं वाचता येतात.
बांगड्याचं डोकं जसंच्या तसं: घाटावरचा पाहुणा.
सोलकढीची वाटी भरलेली, काठावर लिपस्टिक:
एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं असणार.
पापलेट मधोमध उकरलेलं,
पोरं किनाऱ्यावर वाळू उकरतात तसं.
भांडी घासणारा सोमरा, झारखंडचा पोरगा,
फवारा मारतो आणि सगळं वाहून जातं.

रात्री नऊच्या सुमाराला एक ताट आलं.
बांगड्याचा कणा अख्खा, फणीसारखा, कडेला ठेवलेला.
डोकं फोडून चोखलेलं, डोळासुद्धा नाही.
त्रिफळाची दोन टरफलं तेवढी वेगळी काढलेली,
आणि भाताचं एक शीत नाही.
थांब रे, म्हटलं.
दाराच्या गोल काचेतून बाहेर बघितलं.
पाठी, पाठी, नाताळचे दिवे, पाठी.
कुणाचं ताट, कळलं नाही.
मशीन पुन्हा कर्रर्र करू लागलं,
धनबहादूरनं मान वर केली.
सोमरा फवारा धरून माझ्याकडे बघत होता,
या बाईला उष्ट्यात काय दिसतंय.

धू, म्हटलं.