गाठ

चौतीस वर्षं मी कापसात हात घातला.
बंडीत, मेटॅडोरमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत,
थेट कोपरापर्यंत.
वर पहिली वेचणी पांढरीशुभ्र,
खाली दडवलेली फरदड,
हे वडनेरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
दोन्ही अंगठ्यांनी पुंजका ओढायचा,
धागा कुठे तुटतो ते पाहायचं,
मग भाव बोलायचा. आधी नाही.

आता नागपूरहून प्रणोती फोनवर सांगते,
"बाबा, एफडी सात टक्के, हा फंड साडेनऊ.
कंपन्यांचे रोखे आहेत, जरा खालच्या प्रतीचे,
बीबी रेटिंग,
पण एकशे बारा कंपन्या एका युनिटमध्ये.
शेअरसारखं घ्यायचं, वाटेल तेव्हा विकायचं."
वच्छला चुलीपाशी थबकते, "बीबी? कोनाची बीबी?"

प्रणोती युनिट म्हणते, मी गाठ ऐकतो.
एकशे सत्तर किलोची, पट्ट्यांनी आवळलेली.
आत कोण्या गावचा कोण,
प्रेसवाल्यालाही सांगता यायचं नाही.
थोडी कवडी खपते गाठीत,
आम्हीच खपवायचो.
जास्त झाली की सूतगिरणीतून परत यायची,
आणि शिक्का माझा असायचा.

"साडेनऊ काहून देते बाप्पा?"
"जोखीम असते म्हणून."
ओला कापूस काट्यावर जड भरतो.
हे मी बोललो नाही.
तिचं एमबीए माझ्या रातपाळीतून झालं,
तिला सगळं माझ्याहून जास्त समजलं पाहिजे.

रात्री ओट्यावर बसून यादी वाचली, एकशे बाराही नावं.
सिमेंट, साखर, टोलनाके,
कुठलंसं हॉस्पिटल, दोन बिल्डर.
एकाही नावात हात घालता येईना,
वास नाही, ओल नाही, सरकी नाही.
आणि अठ्ठ्याहत्तराव्या नंबरावर
बन्सीधर हरकचंद टेक्स्टाइल्स.

आमचीच जिनिंग.
जिच्या फाटकावर आता बाभूळ चढली आहे,
जिच्याकडची माझी ग्रॅच्युइटी
सहा वर्षं वर्ध्याच्या लेबर कोर्टात
तारखा खात बसली आहे.
वजन : शून्य पूर्णांक एकेचाळीस टक्के.

मी कॅलेंडरच्या मागे हिशेब केला.
पीएफचे चार लाख टाकले
तर शेठच्या हाती सोळाशे चाळीस.
त्यावर वर्षाला एकशे पंचावन्न रुपये ऐंशी पैसे
शेठ मला देणं लागणार.
हसू आलं, मग आलं नाही.
शेठला पैसा लागला तर तो माझाच लागावा,
आणि मला द्यायचा तर त्याला तारीख लागावी.

"घेऊ ना बाबा?" सकाळी पोरीचा मेसेज.
"दोन लाखाचे घे," मी लिहिलं,
"बाकीचे पोस्टात राहू दे."
शेठबद्दल काही लिहिलं नाही.
तिनं एक अंगठा पाठवला.

आता सव्वानऊला बाजार उघडतो,
वच्छलेचा चहा निवत जातो.
काल एकेचाळीस पैशांनी उतरलं.
एकशे बारांपैकी कोण भिजलं होतं
ते कोणी लिहीत नाही तिथे.
मी चष्मा वर करतो, फोन जवळ धरतो,
काचेवर दोन्ही अंगठे ठेवून
बाहेरच्या बाजूला ओढतो, सवयीनं.

धागा तुटत नाही.
आकडे मोठे होतात फक्त.