सुनावणी, दुसरा मजला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
वेड्यासाठी कोर्टच येतं,
लिफ्टने, दुसऱ्या मजल्यावर,
वॉर्डाच्या जेवणाच्या खोलीत,
टेबलावरचं दुपारचं सूप अजून नीट पुसलेलं नसताना.

मंडळावर तिघं: एक वकील, एक डॉक्टर,
आणि एक निवृत्त पोस्टमास्तरीण,
जिला कायदा 'सामान्य नागरिक' म्हणतो.
समोर वेंडल बूटलिये, वय त्रेपन्न, राहणार ग्लेस बे.
कोळी म्हटलेलं त्याला चालत नाही.
शेवंडी. फक्त शेवंडी. सव्वीस वर्षं.
त्याच्या बुटांना नाड्या नाहीत, दाखल होताना काढून घेतल्या,
म्हणून पाय फरफटत तो खुर्चीपर्यंत येतो.
फाइलमध्ये, पान नऊ: 'चाल मंद. पाय ओढतो.'

वकीलपत्रावर नाव माझं आहे.
काल रात्री त्याच्या बहिणीने विचारलं,
तुला तरी वाटतं का, त्याने सुटावं?
मी म्हणाले, मी त्याचं म्हणणं मांडते, माझं नाही.
बरोबर उत्तर. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.
तिने दोन हिवाळे त्याच्या दाराशी जेवण ठेवलंय.
मी त्याला भेटलेय चार वेळा.

डॉक्टर वाईट माणूस नाही.
रात्रपाळी अजून त्याच्या डोळ्यांखाली आहे.
सांगतो, दीपगृहाचा दिवा पेशंटशी बोलतो,
फेब्रुवारीत हा कोटाशिवाय बर्फावर चालत गेला
त्याला उत्तर द्यायला.
हे खरं आहे. मी खोडत नाही.
मी एवढंच विचारते:
पाय कधीपासून ओढतो?
दाखल झाल्यापासून.
आणि नाड्या कधी काढल्या?
पोस्टमास्तरीण वाकून टेबलाखाली बघते.

मग वेंडल. लिहून आणलेला कागद
तो उलटा ठेवतो, वाचत नाही.
'औषध नको असं मी म्हटलेलंच नाही.
सुईनंतर हात थरथरतात. जाळं विणता येत नाही.
मला हात पाहिजेत.
दिवा बोलतो. बोलू दे.
मी आता उत्तर देत नाही.'

ते तिघं बाहेर जातात. पंधरा मिनिटं.
तो माझ्या फाइलची लाल फीत मागतो.
दोनदा निसटते. तिसऱ्यांदा
जीभ दातांत धरून, फाइलभोवती,
तो एक गाठ मारतो. मी तसली कधी पाहिलेली नाही.

निकाल: हुकूम आणखी तीन महिने कायम.
डोस कमी करण्याचा विचार व्हावा.
व्हावा, म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही.
नाड्यांबाबत मंडळाला अधिकार नाही.
वेंडल आभार मानतो. त्या आभारांनी
मला निकालापेक्षा जास्त लागतं.

दारात नर्स फाइल तपासते,
फीत मोजून बाहेर जायला हवी, आत राहता कामा नये.
नियम मला माहीत आहे. तो चांगल्यासाठीच आहे.
हरबरावरून वारा येतोय, पार्किंगमध्ये मीठ टाकलंय,
बूट कुरकुरत मी गाडीपर्यंत जाते. माझे. नाड्यांचे.

अपिलाला तीस दिवस.
फाइल उघडायला हवी, गाठ सुटत नाही.
टेबलावर कात्री आहे.
गुरुवारी भेटीची वेळ दोन ते चार.
जाऊन त्यालाच विचारेन
ही कुठून सुरू होते.