मान हलवू नका

दारूखान्यात सव्वाअकराला
प्लेटांच्या ट्रकवरून माणूस पडला,
तेव्हा मी वजनकाट्याच्या केबिनमध्ये पावती फाडत होते.
आवाज मोठा नव्हता.
पत्रा पडला की अख्खी गल्ली वळून बघते.
माणूस पडला तेव्हा आधी फक्त कुत्रं उठलं.

मार्चमध्ये फायर ब्रिगेडच्या मांजरेकरांनी
आम्हा बाराजणांना अर्धा दिवस शिकवलं होतं.
त्यांच्याकडे रबरी माणूस होता, कमरेपर्यंतच,
तोंडाला सॅनिटायझरचा वास.
आम्ही हसत होतो. समोसे होते म्हणून थांबलो होतो.

आता त्यातलं पहिलं आठवलं ते हे:
धावण्याआधी वर बघा.
वर एक प्लेट अर्धी लोंबत होती.
क्रेनवाल्याला ओरडले, थांबव, मागे घे,
आणि मगच गेले.

दोन्ही खांदे थोपटले.
ए भाऊ, ऐकू येतं का? डोळे उघड.
काही नाही.
गाल त्याच्या नाकाशी नेला, नजर छातीवर,
एक, दोन, तीन,
चारला गालाला ऊन ऊन काहीतरी लागलं,
तंबाखूच्या वासाचं.
कुणाच्या तोंडाच्या वासानं एवढा आनंद
मला जन्मात झाला नव्हता.

तोवर गर्दी. आणि गर्दीला नुसते हातच असतात.
कांदा फोडा, चप्पल हुंगवा,
पाणी पाजा, बसता करा,
हातगाडी आणा, टाका, पळवा.
मी म्हटलं, कुणी हात लावायचा नाही.
हा आवाज माझा, हे मलाही उशिरा कळलं.
रामसुमेर मुकादमाकडे बोट केलं:
तुम्ही. एकशे आठ लावा. लावला की मला सांगा.
कुणीतरी लावा म्हटलं की कुणीच लावत नाही,
हेही मांजरेकरांचंच.

मग त्याच्या डोक्यामागे पालथी पडले,
कोपरं तेलकट मातीत रोवली
आणि दोन तळव्यांत त्याचं डोकं धरलं.
बस्स. उपचार एवढाच.
सरळ करायचं नाही, उचलायचं नाही,
जसं आहे तसं धरून ठेवायचं.

एकोणीस वर्षं मी लोखंड मोजतेय.
भरली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक.
माणसाचं डोकं किती किलोचं
हे कुणी विचारलं नव्हतं.
पाचेक किलो असावं. तिसऱ्या मिनिटाला दहा.
बाराव्याला मनगटं माझी राहिली नाहीत.

तेव्हा त्यानं डोळे उघडले.
वरून उलटी दिसत असणार मी त्याला,
कपाळ खाली, हनुवटी वर.
नाव काय, विचारलं.
इस्राफिल, म्हणाला. मग म्हणाला, ट्रक?
ट्रक ठीक आहे. तुला पाय जाणवतात का?
आणि तो मान हलवायला गेला.

आपल्याकडे सगळं मानेनंच.
हो ला मान, नाही ला मान,
शेठ आला की मान, पगार कापला तरी मान.
त्याच्या मानेतली ती सवय
माझ्या तळव्यांत आली, एक बारीक धक्का,
आणि मी तो तिथेच अडवला.
नाही रे. आता हो म्हणायचं तर पापणी मिट.
नाही म्हणायचं तर मिटू नकोस.

तो माझ्याकडे बघत राहिला.
डोळ्यात घाम गेला असेल, पाणी भरलं,
तरी पापणी हलेना.
उत्तर देत होता की उघडेच ठेवून दमला होता,
मला कळलं नाही.
मी परत विचारलं नाही.

गाडी आली चोविसाव्या मिनिटाला.
पोऱ्यानं गळ्याभोवती पट्टा बांधला,
म्हणाला, मॅडम, आता सोडा.
बोटं सुटेनात. त्यानंच एकेक सोडवली.

शुक्रवारी मुकादम काट्यावर आला.
म्हणाला, घोगळेबाई, अंगठा हलवतो तो.
कुठल्या पायाचा, मी विचारलं.
ते त्यानं विचारलं नव्हतं.

एक ट्रक प्लेटवर चढला. आकडा थरथरला.
तो स्थिर होईपर्यंत
मी मान न हलवता बसले.