अंगणात खायच्या चांदण्या

तिचं नाव आम्ही विल्या ठेवलं.
फिनिशमध्ये विल्या म्हणजे धान्य.
ऑगस्ट होता, लोइमाच्या रस्त्याला दोन्हीकडे
गहू पिवळा पडत होता,
मला वाटलं, याहून भरलेला शब्द कुठला असणार.

दहाव्या महिन्यात दुधातल्या रव्याचा एक चमचा.
आधी ओठ सुजले, मग डोळे,
मग श्वास शिट्टीएवढा बारीक.
रुग्णवाहिकेत हेन्ना म्हणाली,
"काय नाव ठेवलं आपण हिचं."
प्रश्न नव्हता तो.

आता ती सात वर्षांची आहे.
घरात गहू नाही, दूध नाही.
आईचं लाटणं मी सरपणाच्या खोलीत नेऊन ठेवलंय,
त्याच्या रेषारेषांत मागच्या पिढीचं पीठ बसलंय,
धुऊन जायचं नाही.
आम्ही बाटलीनं लाटतो.

ओइवा, तिचा भाऊ, शाळेतून आला
की दारातच शर्ट काढतो,
कोपरापर्यंत हात धुतो, एक ते तीस मोजत.
परवा कुणी न विचारताच कबूल केलं:
"मित्राकडे बन खाल्ला. पण तीनदा धुतले."
मी त्याचे हात हुंगले. नुसता साबण.
सहा वर्षांच्या मुलाचे हात
इतके स्वच्छ असू नयेत.

नाताळला पाच दिवस उरले.
ओटचं पीठ, बटाट्याचं सत्त्व, चमचाभर इसबगोल,
बिनदुधाचं मार्गारीन.
चौकोन कापायचा, कोपऱ्यांना चिरा द्यायच्या,
मधे आलुबुखारचा जाम,
एकाआड एक टोक आत दुमडलं की भिरभिरं होतं.
आम्ही त्याला चांदणी म्हणतो.
पण हे गव्हाच्या पिठाचं झालं.
आमचं पीठ वाकवलं की तडकतं.
"याला कंबरच नाही, बाबा," विल्या म्हणाली.

तेवढ्यात बेल. समोरच्या हिल्काबाई,
अठ्ठ्याहत्तरीच्या, हातात डबा.
झाकणाला आतून पाकिटांवरचे मजकूर
कापून चिकटवलेले:
पीठ, जाम, मार्गारीन, अगदी साखरसुद्धा.
"भिंग लावून वाचलं सगळं," त्या म्हणाल्या.
मला बोलता येईना.
विल्या पुढे झाली. तिला सराव आहे.
"लाटलंत कशावर?"
"माझ्या पाटावर."
"लाकडाच्या?"

हिल्काबाईंनी डबा हळूच पायरीवर ठेवला,
उंबऱ्याच्या बाहेर.
विल्यानं जरा विचार केला.
"मग आत या. आधी हात धुवा.
ओइवा दाखवेल कसे."

त्या आल्या, ऑपरेशनला निघाल्यासारखे
दोन्ही हात वर धरून.
बोट पाण्यात बुडवून तडा दाबत म्हणाल्या,
"माझ्या आजीनं पाइनच्या सालीची भाकरी केलीय.
तिलाही कंबर नव्हती.
थापायची, दुसरं काय."

ओव्हनमधून निघाल्या त्या चांदण्या:
एकीला तीन टोकं, एकीला साडेचार,
एक तर चक्क बेडूक.
विल्यानं बेडूक उचलला, तसाच गरम,
आणि "आ!" करून तोंडावर हात धरला.
आम्ही चौघंही जागच्या जागी.
"भाजलंय," ती आमच्या चेहऱ्यांकडे बघत म्हणाली,
"नुसतं भाजलंय."

नंतर मी आणि ओइवा कोट चढवून अंगणात गेलो,
पायरीवरचा डबा घेऊन.
उणे अठरा. चांदण्या दगड झालेल्या,
तोंडात धरून विरघळवाव्या लागल्या.
खिडकीत विल्या, काचेला नाक टेकून.
भुवया उडवून तिनं विचारलं: कशीय?
ओइवानं हात हलवला: ठीक.
खोटं बोलत होता.
इतकी चांगली चांदणी
मी कित्येक वर्षांत खाल्ली नव्हती.

मग आम्ही बर्फानं तोंडं पुसली,
हात पुसले, कोट झटकले,
आणि दारात उभे राहून
शर्टाची बटणं काढायला लागलो.