जोड

बरकाच्या प्लँटवर अकरा वर्षं मी पाइप जोडतो.
समुद्र एका बाजूने आत येतो,
दुसऱ्या बाजूने पिण्याचं पाणी होऊन शहरात जातो.
मधल्या भानगडीत पंप, व्हॉल्व्ह, जाळ्या
आणि आम्ही सतरा जण.
फोरमनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं,
बाकी काहीही चुकू दे,
गोडं पाणी परत खाऱ्यात जाता कामा नये.

मस्कतला डॉक्टर सुमय्यांनी
रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर हृदय काढलं.
चार खोल्या. लाल पेन, निळं पेन.
फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चारही शिरा
डावीकडे उघडायला हव्या होत्या,
याच्या उजवीकडे उघडल्यात.
आजाराचं नाव लांबलचक होतं,
हजारोंत एखाद्यालाच होतो म्हणाल्या.
वृंदा माझ्या तोंडाकडे बघत होती,
मराठीत कधी सांगतो म्हणून.
मी म्हटलं, रिटर्न लाइन चुकीच्या टाकीला लागलीय.

मग नऊ दिवस हा जगला कसा?
डॉक्टरांनी पेनचं टोक
दोन खोल्यांमधल्या भिंतीवर टेकवलं.
इथे एक भोक आहे.
त्यातून थोडं पलीकडे जातं, मिसळलेलं.
तेवढ्यावर.

अकरा वर्षं मी भोकं बुजवतोय.
टेप, एपॉक्सी, वेल्डिंग,
एकदा तर रात्री अडीचला नुसता तळहात दाबून
बसलो होतो फ्लँजवर, दुसरा माणूस येईपर्यंत.
आणि आता कॉरिडॉरमध्ये उभा राहून
एका भोकाला म्हणत होतो,
राहा बाबा. सकाळपर्यंत राहा. बुजू नकोस.

बारसं व्हायचंय अजून.
मनगटावरच्या पट्टीवर, बेबी ऑफ वृंदा मेस्त्री.
पासपोर्ट नाही, व्हिसा नाही,
कुठल्याच देशाच्या कागदावर न आलेला माणूस,
तीन किलोला शंभर ग्रॅम कमी.

देवगडहून आईचा फोन :
रंग कोणाचो घेतल्यान रे झीलान?
मी म्हटलं, आवाज तुटतोय, मग करतो.
ओठ जांभळे. नखं जांभळी.
परड्यातलं जांभळीचं झाड आठवलं
आणि त्या झाडाचा राग आला, उगाच.

साडेपाच तास.
शेजारी निझव्याचे एक म्हातारे, नातवासाठी आलेले.
त्यांनी थर्मासमधून कावा ओतला, खजूर पुढे केला.
पहिली वेळ? त्यांनी बोटाने विचारलं.
मी मान हलवली.
त्यांनी तीन बोटं दाखवली
आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला,
कपाट हलू नये म्हणून ठेवावा तसा.
तेव्हा कळलं, माझा पाय कधीचा थरथरत होता.

सुमय्या बाहेर आल्या.
टोपीचा वळ कपाळावर, हात केवढेसे.
शेवयांसारख्या शिरा या हातांनी जोडल्या.
मला विचारायचं होतं,
टेस्टिंग केलं का, किती प्रेशरला,
जोडाला घाम फुटतोय का.
त्या म्हणाल्या, जोड धरलाय. भोक बंद केलं.
आजची रात्र जाऊ दे, मग बोलू.

भोक बंद केलं.
त्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

काचेपलीकडे नळ्याच नळ्या.
मी एकेक शोधत गेलो, कुठून निघते, कुठे जाते,
दोन लागल्या, बाकीच्या हरवल्या.
लिसम्मा सिस्टरने चादर बोटभर सरकवली.
एक तळपाय.
ट्यूबलाइटखाली मला रंग नीट कळत नाहीत,
प्लँटवरही मी लाइनचा रंग उन्हात नेऊनच बघतो.
वृंदा म्हणाली, गुलाबी आहे.
पुन्हा म्हणाली.

मी आईला फोन लावला.
रिंग जात होती तोवर
माझ्याच श्वासाने धुरकटलेली काच पुसत राहिलो.